यॉर्कची आगगाड्यांची जत्रा

अमेरिकेहून परत आलेल्या मनुष्यास नायगरा पाहिला कीं नाहीं, असा प्रश्न पहिल्यानें विचारण्याची आपल्याकडे चाल आहे. नायगरा मीं पाहिला. परंतु त्याचें वर्णन वाचकांनीं इतक्या वेळां वाचलें असेल कीं, त्यांत माझ्या ओबडधोबड लेखणीनें भर घालण्याचें प्रयोजन नाहीं. आज मी वाचकांस पेनसिल्व्हानिया संस्थानांतील यॉर्क नांवाच्या गांवीं नेणार आहें. तेथें पाहिलेली गोष्ट तशी क्षुल्लक, म्हणजे खेळण्यांतल्या आगगाड्यांची. पण तिच्यामुळें आमच्या वाईच्या घरांतील एका कपाटाची किल्ली फिरली, म्हणून ती सांगण्याजोगी वाटते.

सन २०१९ च्या ऑक्टोबरांत, दिवाळी जवळ आली असतां, मी फिलाडेल्फियाजवळ मुलीच्या घरीं होतों. नातू नऊ वर्षांचा. आदल्या वर्षीं तो पुण्यास आला असतां कर्वे रस्त्यावरील जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय मीं त्यास दाखविलें होतें. भाऊ जोशी यांनीं हौसेनें उभारलेलें हें छोट्या आगगाड्यांचें नगर १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तें पाहिल्यापासून आमच्या चिरंजीवांस दुसरा विषय सुचत नव्हता. यॉर्क येथें वर्षांतून दोन वेळां, एप्रिलांत व ऑक्टोबरांत, जुन्या खेळण्यांतल्या आगगाड्यांचा मोठा बाजार भरतो, असें कानीं येतांच त्यानें आजोबांस आपले वकील नेमलें. आणि शनिवारीं सकाळीं जावईबापूंनीं मोटार काढली.

वाट लँकेस्टर परगण्यांतून जाते. येथें आमिश नांवाच्या पंथाचे शेतकरी राहतात. ते स्वतःची मोटार बाळगीत नाहींत, घोड्याच्या बग्गींतून हिंडतात. मक्याचीं पिवळीं शेतें, पांढरीं घरें, आणि रस्त्याच्या कडेनें संथपणें चाललेली काळी बग्गी हें दृश्य पाहतांना आपण कोणत्या शतकांत आहोंत, याचा क्षणभर विसर पडतो. पुढें कोलंबिया गांवापाशीं सस्क्वेहाना नदी लागते. तिचें पात्र इतकें रुंद कीं, आमच्या कृष्णामाईच्या पात्राशीं तुलना करण्याचें मला धैर्य होईना. यादवी युद्धांत, १८६३ च्या जूनच्या २८ तारखेस, दक्षिणेकडील सैन्य नदी ओलांडूं नये म्हणून येथील लांकडी पूल उत्तरेकडील लोकांनींच जाळून टाकला. जुन्या पुलाचे दगडी खांब आजही पाण्यांत उभे आहेत. शत्रूस बंद करावयाची वाट आपणांसही बंद होते, एवढें मनांत टिपून आम्ही पैलतीरास गेलों.

यॉर्क गांव कोडोरस नांवाच्या ओढ्याच्या कांठीं वसलें आहे. ब्रिटिश फौजेनें फिलाडेल्फिया घेतलें, तेव्हां अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांतील काँग्रेस पळून येथेंच आली आणि १७७७ च्या सप्टेंबरअखेरपासून पुढील जूनपर्यंत येथेंच बसली. तेरा वसाहतींना एकत्र बांधणारा पहिला करारनामा तिनें याच गांवीं मंजूर केला. तांबड्या विटांची १८८८ सालची मंडई अद्यापि उभी आहे. येथील वार्षिक कृषिप्रदर्शनाची परंपरा १७६५ पर्यंत मागें नेतात व तें देशांत सर्वांत जुनें, असा गांवकऱ्यांचा अभिमान आहे. आगगाड्यांचा बाजार भरतो तो याच प्रदर्शनाच्या विस्तीर्ण मैदानावरील इमारतींत. तेथील दालनांस रंगांचीं नांवें दिलेलीं असतात. कोणी विचारलें तर 'नारिंगी दालनांत भेटूं', असें सांगावयाचें.

आंत जातांच प्रथम वास येतो. तापलेलें तेल, विजेच्या ठिणग्या आणि एंजिनाच्या धुराड्यांत टाकलेल्या गोळीचा कृत्रिम धूर यांचा तो मिश्र वास आहे. मग आवाज. लांबच लांब टेबलांवर डोंगर, बोगदे, पूल, स्टेशनें मांडलेलीं, आणि त्यांतून वीतभर उंचीच्याही नसलेल्या गाड्या शिट्या फुंकीत धांवत असतात. रुळांच्या दोन पट्ट्यांमध्यें तिसरी पट्टी असते. वीज येते ती तिच्यांतून. या गाड्यांपैकीं पुष्कळ लायोनेल नांवाच्या कारखान्याच्या होत्या. तो १९०० सालीं जोशुआ लायोनेल कोवन यानें न्यूयॉर्कमध्यें काढला. त्याची कथा अशी सांगतात कीं, त्यानें आपली पहिली विजेची गाडी दुकानाच्या दर्शनी खिडकींत गिऱ्हाइकांचें लक्ष वेधण्यासाठीं ठेवावयास केली होती. पण गिऱ्हाइकें आंतला माल सोडून ती गाडीच विकत मागूं लागलीं! दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ ते १९४५ पर्यंत, कारखान्यानें गाड्या करणें बंद ठेवून लष्कराचें काम केलें. युद्ध संपल्यावर पुन्हां आलेल्या गाड्यांनीं ज्या मुलांचे नाताळ उजळले, तीं मुलें आतां पणजोबा झालीं आहेत. दालनांत जिकडे पहावें तिकडे पांढरींच डोकीं दिसत होतीं.

या बाजाराची मूळ संस्था 'ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन'. सन १९५४ मध्यें पेनसिल्व्हानियांतीलच यार्डली गांवच्या एका धान्याच्या कोठारांत जमलेल्या हौशी मंडळींनीं ती स्थापन केली. यॉर्कचा बाजार तिच्या पूर्वविभागाचा. अनेक वर्षें येथें सभासद व त्यांचीं कुटुंबें यांखेरीज कोणास प्रवेश नव्हता. पुढें व्यापाऱ्यांच्या व चालत्या गाड्यांच्या दालनांचे दरवाजे सर्वसामान्य लोकांस उघडण्यांत आले. सभासद आपसांत जुन्या गाड्यांची देवघेव करतात तीं दालनें मात्र सभासदांकडेच राहिलीं. त्यांपैकीं एकाच्या दाराशीं आमचा नातू नाक लावून उभा राहिला. द्वारपालानें त्यास हंसून, परंतु निक्षून, परत पाठविलें. मुलाचा चेहरा पडलेला पाहून मलाही राग आला. खेळण्यांस कसलें आलें आहे सोंवळें, असें मीं जावईबापूंस म्हणालों. माझा हा राग अज्ञानाचा होता, हें मला तासाभरांत कळून आलें.

नारिंगी दालनांत एका मांडणीपाशीं ऐंशीच्या घरांतील एक गृहस्थ, छातीवर सभासदत्वाचा बिल्ला लावून, आपलें एंजिन चालवीत होते. काळें, जड, मागें कोळशाचा डबा जोडलेलें, १९४६ सालचें एंजिन. तें त्यांस वडिलांनीं दिलेलें. आमचा मुलगा बराच वेळ हालेना, तेव्हां त्यांनीं त्यास जवळ बोलाविलें, स्टुलावर उभें केलें आणि वेगाची मूठ त्याच्या हातीं दिली. दोन फेरे उत्तम झाले. तिसऱ्या फेऱ्यास मुलास धीर आला, त्यानें मूठ पुढें ढकलली, आणि वळणावर एंजिन रूळ सोडून धाडकन् कुशीवर पडलें.

क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मुलगा पांढराफटक पडून मला म्हणाला, "आजोबा, मीं मुद्दाम नाहीं हो केलं!" वृद्ध गृहस्थांनीं एंजिन दोन्ही हातांनीं उचललें, चष्मा वर करून पाहिलें. ड्रायव्हरच्या कोठडीच्या कोपऱ्याचा तिळाएवढा रंग उडून आंतला धातु दिसत होता. त्यांस वाईट वाटलें. तें त्यांनीं लपविलें नाहीं, आणि मुलास रागेंही भरलें नाहींत. त्यांनीं खिशांतून एक लहान वही काढून तींत कांहीं लिहिलें, एंजिन पुन्हां रुळावर ठेवलें आणि मूठ मुलाच्याच हातीं दिली. या खेपेस मात्र स्वतःचा हात त्यावर ठेवला.

मीं पुष्कळ क्षमा मागितली व भरपाईविषयीं विचारलें. पैशाची गोष्ट त्यांनीं ऐकूनच घेतली नाहीं. परंतु वहीची हकीकत सांगितली. त्यांच्या संस्थेंत गाडीच्या स्थितीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: टांकसाळींतून नुकत्याच निघालेल्या नाण्यासारखी, नव्यासारखी, उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, बरी, निकृष्ट. विकणाऱ्यानें पायरी खरी सांगितली पाहिजे. रंग पुन्हां दिला असेल, एखादा भाग नवा बसविला असेल, तर तेंही बोलून दाखविलें पाहिजे. लबाडी उघडकीस आली तर सभासदास जाब द्यावा लागतो व संस्थेंतून जावेंही लागतें. जुन्या गाड्यांची किंमत वाढूं लागली तशी रंग चढवून नवेपण आणणारे व नकली भाग बसविणारे निर्माण झाले. त्यांस आळा घालावा, हा दाराचा हेतु. बंद दालनांत दोन परके मनुष्य लेखी करारावांचून मोठा व्यवहार करूं शकतात, तो या एका बिल्ल्याच्या भरंवशावर. बाहेरच्या गर्दीस हा नियम कसा लावणार? दार उघडण्याचा विचार निघाला तेव्हां हे गृहस्थ स्वतः विरुद्ध होते.

मग मत कां बदललें, असें मीं विचारलें. ते म्हणाले, मत फारसें बदललें नाहीं; शेजारचीं टेबलें बदललीं. दरवर्षीं एखादें ओळखीचें टेबल रिकामें दिसतें. मागाहून त्या मित्राची पत्नी किंवा मुलगा शेंकडों खोकीं घेऊन येतो. कोणतें कोठून आणलें, कोणत्यावर जीव होता, हें त्यांस ठाऊक नसतें. आम्हीं भरंवसा राखला, पण तो सोंपवावा कोणास, हेंच उरलें नाहीं. म्हणून एक दालन उघडें आणि एक मिटलेलें, ही तडजोड त्यांनीं पतकरली. उघड्या दालनांत रंग उडणार, हें त्यांनीं हिशेबांत धरलें होतें. उडालेला रंग वहींत लिहावा, एवढा जुना नियम त्यांनीं उघड्या दालनांतही आणला होता.

परततांना मुलगा मागच्या बांकावर झोंपून गेला. मला मात्र वाईच्या घराची आठवण येऊं लागली. आमच्या माडीवर एक शिसवी कपाट आहे. त्यांत चार पिढ्यांचें दफ्तर: मोडी पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, कांहीं पोथ्या. आजोबांनीं पूर्वीं एका गृहस्थांस त्यांतील कागदांचा एक रुमाल वाचावयास दिला, तो परत आला नाहीं. तेव्हांपासून घरचा कागद परक्याच्या हातीं द्यावयाचा नाहीं, हा आमच्याकडे दंडक. दंडक निष्कारण नव्हता. परंतु इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, तो आमच्याच वाईंत मिळालेल्या कागदांवरून. कोणीतरी आपली माडी उघडली म्हणून तें घडलें. आमची माडी तेव्हांही बंद होती, आणि आज घरांत मोडी वाचणारें एकही मनुष्य नाहीं.

सन २०२० च्या जानेवारींत घरीं आल्यावर मीं विषय काढला. धाकटे बंधु स्पष्ट विरुद्ध होते, आणि त्यांचें म्हणणें मला पूर्वींपेक्षां अधिक पटत होतें. वादांत आठ दिवस गेले. शेवटीं आमच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, आधीं उघडून तरी पहा, राखतां आहां तें शिल्लक आहे का!" कपाट उघडलें. खालच्या खणांतील दोन रुमालांची कसरीनें माती केली होती. बंधु बराच वेळ त्या मातीकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनींच अटी सांगितल्या: वाचावयाचें तें माडीवर बसूनच, कागद उंबरठ्याबाहेर जाणार नाहीं, छायाचित्रें खुशाल घ्यावींत, आणि प्रत्येक कागदाची स्थिति आधीं यादींत लिहावी.

मोडी शिकलेली एक तरुण विद्यार्थिनी आतां आमच्याकडे येते. आमच्या वंशावळींत सर्व पुरुषांचीं नांवें आहेत, स्त्रियांचीं नाहींत. गेल्या वर्षीं लग्नखर्चाच्या एका वहींत पणजोबांच्या मातोश्रींचें माहेरचें नांव तिला सांपडलें. तीं यमुना. आमच्या घरांत हें नांव कोणासही ठाऊक नव्हतें. त्या दिवशीं बंधूंनीं नैवेद्याचें ताट वाढतांना तें मोठ्यानें उच्चारलें. ती वही उलगडतांना एका पानाचा कोपरा तुटला. तोही यादींत लिहून ठेवला आहे.