उजेडाच्या पट्ट्यांनी मोजलेला नारळ

नारळावर उजेडाचे काळे-पांढरे पट्टे पाडले की ते वाकतात. कडेला दाटतात, डोळ्यांपाशी मुरडतात, शेंडीच्या तुसांत विस्कटून जातात. आणि नुसत्या या वाकण्यातून त्या नारळाचा लांबी-रुंदी-खोलीसकट सगळा आकार काढता येतो! लाखांचं यंत्र नको, वस्तूला हात लावायला नको. शाळेत असतो तसला प्रोजेक्टर, एक कॅमेरा, लॅपटॉप आणि ओपनसीव्हीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. मालवणच्या घरी रात्री माजघरातले दिवे मालवून हा खेळ मांडला, तेव्हा आजी दारात येऊन म्हणाली, "नारळाक पट्टे कित्याक गे?" पडद्यावर तोच नारळ ठिपक्याठिपक्यांनी उभा राहिला आणि तिने खुर्चीच ओढून घेतली.

या तंत्राला स्ट्रक्चर्ड लाइट म्हणतात. प्रोजेक्टर एका बाजूने पट्टे टाकतो, कॅमेरा थोड्या कोनातून ते पाहतो. पृष्ठभाग जवळ असेल तर पट्टा एका बाजूला सरकलेला दिसतो, दूर असेल तर दुसऱ्या. दोन उपकरणांमधलं अंतर आणि कोन ठाऊक असले की बाकीचं काम शाळेतल्या त्रिकोणमितीचं. पण कॅमेऱ्याने पाहिलेला पट्टा नेमका कितवा, हे कळायचं कसं? इथे बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांची युक्ती कामी येते. 1953 साली पेटंट मिळालेल्या त्यांच्या संकेतात शेजारच्या दोन आकड्यांमध्ये एकच खूण बदलते. त्यामुळे काठावर गफलत झाली तरी फार तर एका स्तंभाची होते. फक्त 10 चित्रं टाकायची आणि प्रोजेक्टरच्या 1024 स्तंभांपैकी प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक मिळतो! त्यावर लाटांसारखे हळूहळू उजळत-मावळत जाणारे पट्टे सरकवले की स्तंभाचाही अंश मोजता येतो. त्यासाठी किमान तीन चित्रं पुरतात.

खरी झिंग पुढे आहे. आकार दिसला, पण तो खरा किती? लाखो ठिपके मिळाले म्हणजे मोजमाप बिनचूक झालं असं नाही. ठिपके दाट असूनही सगळेच्या सगळे एका बाजूला सरकलेले असू शकतात. ताडून बघायला खात्रीची वस्तू हवी, आणि ती गॅरेजमध्ये मिळते: बेअरिंगच्या पोलादी गोळ्या. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या हिशोबात सांभाळलेला असतो. दोन गोळ्या एका दांडीवर पक्क्या बसवायच्या, चकाकी मारण्यासाठी पावडरीचा अगदी पातळ हात द्यायचा आणि स्कॅन करायचं. एकेक गोळी किती गोल आली यावरून पृष्ठभागाची चूक कळते. दोन केंद्रांमधलं, आधी मोजून ठेवलेलं अंतर स्कॅनमध्ये किती आलं यावरून मापाची चूक कळते. अशा स्कॅनरांची पारख करणारी व्हीडीआय/व्हीडीई 2634 ही जर्मन मार्गदर्शिका याच तत्त्वावर उभी आहे. जगभरच्या कारखान्यांतली कसोटी माजघरात लावता येते!

आणि एकदा चूक मोजता आली की ती कमी करता येते. पहिला उपाय कॅलिब्रेशन. झेंगयू झांग यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बुद्धिबळाच्या पटासारखा छापील चौकडा वेगवेगळ्या कोनांत धरून फोटो काढायचे. त्यावरून भिंगाचा बाक, केंद्र, सगळं निघतं. प्रोजेक्टर म्हणजे उलटा चालणारा कॅमेराच, म्हणून त्यालाही हीच रीत. मात्र आपल्याकडच्या दमट हवेत कागद आणि पुठ्ठा फुगतात, म्हणून चौकडा काचेवर चिकटवायचा. तो नुसता मध्ये धरायचा नाही. जिथे वस्तू ठेवणार ती सगळी जागा, कोपऱ्यांसकट, त्याने भरून काढायची.

दुसरा उपाय धीर. प्रोजेक्टर तापला की त्याचं भिंग आणि आतली चौकट अगदी किंचित सरकते. म्हणून अर्धा तास आधी चालू ठेवायचा, मगच कॅलिब्रेशन. कॅमेऱ्यातलं आपोआप चालणारं सगळं बंद: फोकस, उजेड, रंग. एक्स्पोजर प्रोजेक्टरच्या ठेक्याला बांधायचं. तो सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल तर 1/60 किंवा 1/30 सेकंद. खोलीतले दिवे मालवायचे, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आणि तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात.

तिसरा उपाय पाहून तर मी उडालेच. सपाट काच पांढरी रंगवून स्कॅन केली की तिच्यावर बारीक लाटा उमटतात! काच सपाटच असते, लाटा प्रोजेक्टरच्या. दुप्पट उजेड मागितला तर तो दुप्पट देत नाही. डोळ्यांना चित्र सुखद दिसावं म्हणून त्याचा उजेड मुद्दाम वळवलेला असतो, त्याला गॅमा म्हणतात. करड्या रंगाच्या पायऱ्या टाकून तो मोजायचा आणि उलटा लावायचा, किंवा लाटांची चित्रं तीनऐवजी जास्त घ्यायची. लाटा विरतात! अंतराचंही भान हवं. कॅमेरा-प्रोजेक्टरमधली फारकत तीच ठेवून वस्तू दुप्पट लांब नेली तर खोलीतली चूक चौपट होते. फारकत वाढवली तर खोली नेमकी येते, पण सावल्याही वाढतात.

मग सिंधुदुर्गातला एकेक पृष्ठभाग समोर ठेवत गेले. सावंतवाडीच्या चितार आळीतला लाखेचा रंग दिलेला लाकडी आंबा झळाळतो आणि पट्टे गिळतो. प्रोजेक्टरसमोर एक आणि कॅमेऱ्यासमोर दुसरा, एकमेकांना आडवा, असे दोन पोलरायझर लावले की झळाळी मरते आणि पट्टे उरतात. शिंपला आणखी अवघड. उजेड त्याच्या आत शिरून पसरतो आणि पट्ट्यांचे काठ पुसट होतात. स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने मायकेलअँजेलोचे पुतळे लेझरने मोजले, तेव्हा संगमरवराने त्यांनाही हाच त्रास दिला होता. मोहित गुप्ता आणि श्री नायर यांनी 2012 साली दाखवलेला तोडगा भन्नाट आहे: सगळेच पट्टे अतिशय बारीक ठेवायचे, म्हणजे आत पसरलेला उजेड सगळीकडे सारखा होतो आणि हिशोबातून वगळता येतो. आणि जांभा? कारखान्यांतले कित्येक स्कॅनर निळा उजेड वापरतात, पण आपला तांबडा दगड निळा उजेड पिऊन टाकतो. त्याला पांढरा किंवा लाल उजेडच हवा.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर मालवण तालुक्यातल्या कुडोपीसाठी. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या दगडी पठारावर, जांभ्यात कोरलेली कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नोंद 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली, त्यांत कुडोपी आहे. ही शिल्पं उघड्यावर आहेत, आणि या जिल्ह्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिकडे मालवणसमोर समुद्रात, 1664 साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात, शिवरायांच्या हाताचे आणि पायाचे म्हणून जपलेले चुन्यातले ठसे आहेत. जुलै 2025 मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. या रेषा आणि ठसे वर्षागणिक किती झिजतात? फोटो ते सांगणार नाही. आज एक स्कॅन, काही वर्षांनी दुसरा, आणि दोहोंची वजाबाकी: झीज अशीच कळेल.

आणि म्हणूनच अचूकता! स्कॅनची चूक अर्धा मिलिमीटर असेल आणि दगड पाव मिलिमीटर झिजला असेल, तर वजाबाकीतून निघालेल्या आकड्याला काहीच अर्थ नाही. म्हणून प्रत्येक स्कॅनसोबत गोळ्यांची कसोटी आणि चुकीचा आकडा लिहून ठेवायचा, पंधरा वर्षांनी कोणी दुसराच माणूस मोजेल तेव्हा त्याला भरवसा ठेवता यावा म्हणून. शिल्पावर पावडर नाही, हात नाही, पाय नाही. काम रात्रीच करायचं, कारण 3000 ल्यूमेनचा प्रोजेक्टर एका चौरस मीटरवर 3000 लक्स उजेड टाकतो आणि दुपारचं ऊन जवळजवळ एक लाख! किल्ल्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची रीतसर परवानगी आधी.

प्रोजेक्टर कित्येक शाळांत आहेत, बेअरिंगच्या गोळ्या प्रत्येक गॅरेजमध्ये आहेत. जिल्ह्यातल्या मुलामुलींनी आधी नारळावर हात बसवावा, मग आंबा, शिंपला, जांभ्याचा सुटा तुकडा. आपली चूक किती, हे सांगता येऊ लागलं की जाणकारांना सोबत घेऊन सड्यावर जावं, आणि तेही पाऊस लागायच्या आत. वजाबाकीला आधी एक पक्की संख्या लागते आणि कुडोपीची ती संख्या दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जाते आहे.