घोडा का अडला?

इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, व्हेनिस, पिसाचा मनोरा आणि फार तर फ्लॉरेन्स पाहून परततात. वायव्येच्या तोरिनोकडे, म्हणजे आपल्या ट्युरिनकडे, वळणारे थोडे. त्या शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे ४० किलोमीटरवर, आल्प्सच्या पायथ्याशी, पिनेरोलो नावाचे लहानसे गाव आहे. २००६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधला कर्लिंगचा खेळ येथे झाला, तेव्हा काही दिवस त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. पण घोड्यावर बसणाऱ्यांना हे गाव त्याआधीच ठाऊक होते. आज कोणत्याही रायडिंग स्कूलमध्ये मुलांना पहिली उडी शिकवतात, त्या पद्धतीचे मूळ येथे आहे.

१८४९ पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत येथे इटलीच्या घोडदळाची शाळा होती. तिच्या जागी आता घोडदळाचे संग्रहालय आहे. खोगिरे, गणवेश, शस्त्रे असे सगळे पाहायला मिळते. गावात छप्पर घातलेले एक भव्य रिंगणही आहे. त्याला कॅप्टन फेदेरिको काप्रिल्ली यांचे नाव दिले आहे.

काप्रिल्ली १८६८ साली लिव्होर्नोला जन्मले. त्यांच्या काळी उडी मारताना स्वार मागे रेलत, पाय पुढे ताणत आणि लगाम खेचून धरत. घोड्याचे पुढचे पाय नाजूक, त्यांच्यावर भार नको, असा त्यामागचा समज. काप्रिल्लींनी मोकळे घोडे, पाठीवर कोणी नसताना, उडी कशी मारतात ते बारकाईने पाहिले, त्यांची छायाचित्रे अभ्यासली. घोडा मान पुढे आणि खाली लांबवतो, पाठ कमानीसारखी उचलतो. म्हणजे स्वार नेमके उलटे करीत होते. उडी घोड्याची आहे, तेव्हा जुळवून स्वारानेच घ्यावे, असे ते म्हणू लागले. वरिष्ठांना हे एकदम पटले नाही. पण १९०२ साली ट्युरिनच्या स्पर्धेत त्यांनी २.०८ मीटरची उंची पार केली आणि पुढे देशोदेशीचे अधिकारी पिनेरोलोला शिकायला येऊ लागले. १९०७ च्या डिसेंबरात घोड्यावरून पडून काप्रिल्ली वारले. वय अवघे ३९.

त्यांची शिकवण समजून घ्यायला मोठ्या उड्या पाहायची गरज नाही. एखादा लहानसा धडा पाहावा. जमिनीवर साधारण सव्वा ते दीड मीटर अंतराने तीन-चार लाकडी दांडे आडवे ठेवलेले असतात. घोडा दुडक्या चालीने त्यांवरून जातो. पुढे दोन दांड्यांची फुली, मध्यभागी जेमतेम गुडघ्याएवढी. स्वाराने रिकिबीचे पट्टे दोन भोके आखूड केलेले असतात. टाच खाली, नजर समोर, आणि घोटा, गुडघा, कंबर ही तिन्ही बिजागऱ्यांसारखी सैल.

आपल्याकडे चांगल्या स्वाराची खूण म्हणजे पक्की मांड. येथे मात्र उडीच्या क्षणी मांड खोगिरावरून किंचित उचलायची असते. वजन टाचांत उतरवायचे आणि पाठ सरळ ठेवून कमरेत पुढे झुकायचे. शिकाऊ मुले दोन तऱ्हांनी चुकतात. काही जण घाईने आधीच पुढे झेपावतात, त्यामुळे उसळी घेण्याच्या ऐन वेळी घोड्याच्या पुढच्या पायांवर भार पडतो. मुळात उभ्या घोड्याचे निम्म्याहून जास्त वजन पुढच्याच पायांवर असते. दुसरे काही जण मागे राहतात, मग लगाम हिसकला जातो आणि पाठीवर दणका बसतो.

हा हिसका फार महत्त्वाचा. आपल्याकडच्या जत्रेत दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवा. तिच्या हातातली आडवी काठी ऐन वेळी कोणी धरून ठेवली तर काय होईल? घोड्याची मान म्हणजे त्याची ती काठी. तोल सावरायला त्याला ती लांबवावी लागते. अगदी जवळ आल्यावर नाकापुढचा दांडा त्याला नीट दिसतही नाही. तेव्हा तोंडात लोखंड रुतले, तर पुढच्या खेपेला तो दांड्यापाशी थांबतो. मग आपण त्याला अडेल म्हणतो आणि चाबूक उचलतो. चार वेळा उडीची शिक्षा भोगलेला घोडा पाचव्यांदा नाही म्हणतो, यात त्याचे काय चुकले?

म्हणून चांगला शिक्षक दांडा वर चढवायची घाई करीत नाही. आधी सपाट जमिनीवर, दुडक्या चालीत, खोगिरावरून उचललेली ती बैठक मिनिटभर टिकवायला लावतो. उडीला जाताना आयाळ मुठीत धरायला सांगतो, म्हणजे हात आपोआप मानेबरोबर पुढे जातात. वळणावर घोडा आत कलंडू नये म्हणून लय सांभाळायला लावतो, कारण बिघडलेल्या वळणातून चांगली उडी निघत नाही. हे जमले की घोडा स्वतःहून कान पुढे करून फुलीकडे जाऊ लागतो.

बंगळुरूच्या फवाद मिर्झांनी २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगमध्ये उडीची अंतिम फेरी गाठून २३ वा क्रमांक मिळवला, तेव्हा आपल्याकडेही या खेळाची चर्चा झाली. त्यानंतर कोणी मुलांना रायडिंगला घातले असेल, तर त्यांनी एक करावे. उडी किती उंच झाली हे विचारू नये. उडीच्या क्षणी मुलाचे हात कोठे जातात ते पाहावे.

घोडा का अडला, या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ असे आहे. पिनेरोलोच्या शाळेने त्याला आणखी एक उत्तर जोडले. लगाम सैल न सोडल्यामुळेही घोडा अडतो.