फिरकीचा तांब्या

पहाटे चारला गल्लीच्या तोंडाशी टेंपो येऊन थांबायचा. आमच्या सांगलीच्या घरात चुलत, आते, मामे असा भेद कधी नव्हता. मे महिन्यात मिळून चौदा पोरं जमायची आणि एक दिवस सगळ्यांची स्वारी महाबळेश्वरला निघायची. हॉटेलात उतरायचं कुणाच्या मनातही येत नसे. टेंपोत खाली वळकट्या, त्यांवर आम्ही, कडेला घासलेटचा स्टोव्ह, पिना, पिठाचा डबा, ताडपत्री. आणि आज्जीच्या मांडीवर पितळेचा फिरकीचा तांब्या, रिकामा.

तो भरून आणायचा होता कृष्णेच्या उगमावरून. नदी घरापासून पाच मिनिटांवर, तिचंच पाणी रोज नळाला. तरी आज्जीला ते वरचं पाणी हवं असे. आता कळतं, तिला दरवर्षी एकदा नदीच्या माहेरी जाऊन यायचं असायचं.

आयर्विन पुलावर सगळ्यांचे हात जोडले जायचे. १९२९ सालचा तो पूल म्हणजे आमच्या गावाची वेस. मग आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. तिथून दुपदरी महामार्गाला लागलं की दर तासाला कुणीतरी विचारायचं, "अण्णा, आता नदी कुठाय?" "उजव्या हाताला," अण्णा न बघता सांगायचे, आणि आम्ही उसाच्या फडांपलीकडे मान ताणून बघायचो. दिसायची नाही. पण आहे, ही खात्री असायची.

दिसायची ती कराडला. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून एकत्र पुढे जातात. घाटाच्या पायऱ्यांवर दशम्या, शेंगांची चटणी आणि दही. काकू प्रत्येकाच्या तळहातावर चटणीचा डोंगर करून मधे बोटानं खळगा पाडायची आणि त्यात तेल सोडायची. ते तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं. आजही शेंगांची चटणी ताटात आली की मी आधी खळगा करतो. हुबळीची बहीणही करते, पुण्याचा भाऊही करतो.

साताऱ्यात कंदी पेढे घेण्यापुरतं थांबायचं. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर तीन दगडांची चूल आणि पिठलं-भात. तिथली कृष्णा घोट्याएवढी. सांगलीच्या पोरांना ते बघून कसंसंच व्हायचं.

एका वर्षी पसरणीच्या घाटात टेंपो तापला. बॉनेटमधून वाफ उसळली. कळशी संपली, वॉटरबॅगा संपल्या. त्या साली आज्जीनं वाईच्या घाटावरच तांब्या भरून घेतला होता, वर जाऊन त्यात उगमाची धार मिसळायला. तिनं क्षणभर तांब्याकडे पाहिलं, फिरकी उघडली आणि ड्रायव्हरमामांच्या हातात दिला. "ओता. त्यालाही तहान लागलीय."

क्षेत्र महाबळेश्वरला पोचेतो अंधार पडला होता. पंचगंगा मंदिरात गोमुखातून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री यांची एकच धार पडते, माझ्या मनगटाएवढी. धाकटीनं विचारलं, "आपली नदी एवढीच?" आज्जीनं तिचा हात धारेखाली धरला. रात्री देवळाच्या ओवरीत ताडपत्री, त्यावर सतरंज्या, घोंगड्यांत चौदा डोकी. मे महिन्यात दातावर दात वाजत होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचा तळमजला बुडाला. आज्जी तेव्हा नव्हती, अण्णाही नव्हते. पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळ उपसताना फोन यायला लागले. पुण्याहून, हुबळीहून, नाशिकहून. भिंती कशा आहेत, कागदपत्रं वाचली का, हे सगळं विचारून झाल्यावर प्रत्येक जण जरा थांबायचा आणि म्हणायचा, "तांब्या?"

तो चौथ्या दिवशी माजघराच्या कोपऱ्यात सापडला. फिरकी गच्च बसली होती. खोबरेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी फडक्यात धरून पिळली तेव्हा सुटली. आत चिखलाचा कणही नव्हता.