सात अंश खाली, सात अंश वर

थंडीत निभतं, अडतं ते एप्रिलमध्ये. बारामतीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून गरमच पडतं, आणि चक्कर तपासताना कानात सोडायला कानाच्या डॉक्टरांना हवं असतं नेमकं ३० अंशांचं. दुसऱ्या भांड्यात ४४. अंगाच्या ३७ पेक्षा सात खाली, सात वर. पाणी दोन अंशांनी चुकलं की डाव्या-उजव्या कानाची तुलनाच फसते.

साठी उलटलेल्या या डॉक्टरांनी हात कापायला लागल्यापासून शस्त्रक्रिया विद्यार्थिनीकडे सोपवल्या. स्वतःकडे ठेवली ती ही चाचणी. तिनं कॅमेऱ्याचा चष्मा आणलाय, तो पाण्यानं उडणाऱ्या बुबुळांचा आलेख काढतो. डॉक्टर मात्र फ्रेन्झेल चष्म्याच्या जाड भिंगांतून बघतात आणि आलेख उमटायच्या आत कोणता कान अधू ते सांगून टाकतात. नातेवाईक समोर असले तर आवाज जरा चढतोच.

चाचणी रॉबर्ट बाराणींची. व्हिएन्नात पोलिट्झर यांच्या कान-विभागात ते पिचकारीनं कान धूत. गार पाण्यानं चक्कर येते, अशी एका रुग्णानं कुरकुर केली. पाणी गरम केलं, तरी चक्कर आलीच. डोळे मात्र उलट दिशेला उडू लागले. पाण्याच्या गार-गरमपणानं कानाच्या आतल्या नळीतला द्रव वर-खाली सरकतो, असं त्यांनी १९०६ मध्ये मांडलं. पण १९८३ मध्ये अंतराळात, द्रव वर-खाली सरकायला वजनच नसताना, डोळे उडाले! हे कोडं डॉक्टरांना अजून झोपू देत नाही.

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हाडांच्या क्षयानं आखडलेला गुडघा घेऊन बाराणी आपणहून सैन्यात गेले. प्शेमिशलच्या किल्ल्यात डोक्यात गोळ्या लागलेले सैनिक तपासले. मार्च १९१५ मध्ये किल्ला पडला आणि ते रशियन कैदेत, मर्व्हच्या छावणीत पोचले. १९१४ चं नोबेल मिळाल्याचं त्यांना तिथंच कळलं. स्वीडनचे राजपुत्र कार्ल मध्ये पडले, तेव्हा १९१६ मध्ये सुटका झाली. घरी स्वागत कसलं! दुसऱ्यांचं श्रेय लाटल्याचा ठपका. १९१७ मध्ये ते उप्सालाला निघून गेले.

आपल्याकडे मात्र अजून चक्कर म्हणजे पित्त, नाहीतर मणका. गोळ्या, मानेला पट्टा, शेवटी पुण्याला एमआरआय. इंदापूरहून आलेल्या बाईचे डोळे वाटेत कुणी पाहिलेलेच नसतात, याचा डॉक्टरांना संताप येतो. कूस बदलताना येणाऱ्या चकरेबद्दल बाराणींनी १९२१ मध्येच लिहून ठेवलंय. एप्लींच्या पद्धतीनं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवलं की ती बहुतेकदा काही मिनिटांत थांबते.

तेव्हा कूस बदलताना गरगरलं, तर पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना डोळे बघायला सांगा. आणि फुटक्या कानानं कालव्यात पोहणाऱ्या पोरांनो, तपासणीच्या टेबलावर चढण्याआधी कान फुटल्याचं सांगा. अशा कानात पाणी सोडत नाहीत.