पीठ किती दिवसांचं?

आमच्या तालुक्याचा आपत्ती आराखडा परवा वाचला. पूर, वीज, आग, भूकंप, सगळं त्यात आहे. बहिष्कार नाही.

म्हणून मीच वही घेऊन निघालो. नांदेड-लातूरच्या शिवेवरची आमची गावं स्वतःच्या जिवावर किती दिवस तगतील, ते मांडायचं होतं. गावातलं लिहिताना वही भरत गेली. काळी जमीन, विहिरी, भरलेल्या कणग्या, ट्रॅक्टर, गिरणी, किराणा. गाव सहा महिने सहज काढील. मग वस्तीत आलो. एक हापसा.

माय म्हणाली, "हापसे काय मोजतूस? गावानं हात आखडला तर किती दिस निघतील, ते लिव्ह."

तिला ठाऊक होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. कितीक वस्त्या जळाल्या. आमची जळाली नाही, नुसती बंद केली. दुकान बंद, गिरणी बंद, काम बंद, विहिरीची वाट बंद. मायनं अडगळीतलं जातं काढलं. मजुरीची ज्वारी अकरा दिवस पुरली. मग तरवट्याची भाजी. पावसाळा होता म्हणून तरवटा तरी होता. उन्हाळा असता तर?

दोस्तहो, किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती न् माळवदं माणसांवर आली. कुडाच्या, पत्र्याच्या झोपड्यांनी त्या मानानं कमी माणसं मारली. गरिबी कामी आली म्हणायची! पण पुनर्वसनात ज्या गावांच्या जागा बदलल्या, तिथं घरं जमीन बघून मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा, त्याला २५० चौरस फूट. सात हेक्टरच्या वर जमीन, त्याला ७५०. भिंती पडल्या, सातबारा पडला नाही.

तो सातबाराच आमच्याकडं नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तुरुंग भरले. पुढं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानं कसणाऱ्याच्या नावावर करायचं सरकारनं ठरवलं. माझा चुलता त्याच्या आधीपासून दोन एकर गायरान कसतो. त्यात तूर येते, ज्वारी येते. सातबारा येत नाही. म्हणून पीककर्ज नाही. २०१४ च्या गारपिटीत तलाठी बांधापर्यंत आला, पलीकडच्या रानाचा पंचनामा करून गेला.

२०१६ ला मांजरा धरण आटलं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. चांगलं झालं. आमच्या हापशाकडं रूळ येत नाहीत.

वहीत शेवटी वस्तीपुढं लिहिलं: पाणी एक दिवस, ज्वारी वीस दिवस, चुलत्याचं रान धरून दीड महिना. रान गेलं तर पुन्हा वीस.

मायनं वही ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी वडाराला बोलावलं आणि जात्याला टाकी लावून घेतली.