लेंड्यांची रोजकीर्द

महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याच्या हाताला एक खोड जडलेली असते: एखाद्या गोष्टीची नोंद झाली नाही, तर ती घडलीच नाही असे त्याला वाटत राहते. माझ्या टेबलाच्या खणातील जाड वही पाहून स्नेहीमंडळी ती आत्मचरित्राची टिपणे असावीत असा तर्क करतात, आणि मीही त्यांचा भ्रमनिरास करीत नाही. वस्तुतः ती आमच्या सशाच्या लेंड्यांची रोजकीर्द आहे.

नातीला ससा हवा होता, आणि तोही मोठेपणी लहानच राहणारा. ज्या माणसाने उभ्या नोकरीत फेरफाराचा एकही कागद मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहिल्यावाचून पुढे सरकवला नाही, त्याच माणसाने बाजारातील एका दुकानदाराने मुठीएवढे पांढरे पिल्लू तळहातावर ठेवून "बुटकी जात आहे साहेब, याहून वाढायचं नाही" असा निर्वाळा देताच, कसलीही शहानिशा न करता पैसे मोजले. पिल्लू लहान दिसत होते ते जातीने नव्हे, वयाने. जेमतेम चार आठवड्यांचे असेल. सशाच्या पिल्लाला निदान आठ आठवडे आईजवळ ठेवावे लागते, एरवी दूध अकाली तुटून त्याच्या आतड्यांचा सारा व्यवहार विसकटतो, हे मला पुढे कळले. आठव्या दिवशी हगवण लागून ते गेले. दुकानदाराने लबाडी केली हे खरे. पण पिल्लाचे वय किती, हा साधा प्रश्न मीही विचारला नव्हता.

दुसऱ्या खेपेस मात्र मी चौकशीचे काम रीतसर केले. उपनगरात एक गृहस्थ हौसेने नेदरलँड ड्वार्फ जातीचे ससे पाळतात, असे कळले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉलंडमधील हौशी लोकांनी लहान चणीच्या पांढऱ्या पाळीव सशांचा तिकडच्या रानसशांशी संकर करून ही जात सिद्ध केली. पूर्ण वाढलेला प्राणी एक किलोच्या आसपास भरतो आणि कान दोन इंचांचे. फारसीत सशाला खरगोश, म्हणजे गाढवाच्या कानांचा, म्हणतात. हा ससा पाहून कोणाही इराण्याला ते नाव सुचले नसते.

त्या गृहस्थांनी न मागता आधी पिल्लांची आई दाखवली आणि स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून तिचे वजन करून दाखवले: 980 ग्रॅम. याला मी पुरावा म्हणतो. मग त्यांनी जे सांगितले ते नातीने ऐकू नये असे मला वाटले, पण तिने ऐकलेच. या सशांचे बुटकेपण आईबापांपैकी एकाकडूनच आले तर पिल्लू जगते. दोघांकडूनही आले तर ते शेंगदाण्यासारखे इवलेसे जन्मते आणि काही दिवसांतच जाते. जातीचा आखूड चेहराही निर्धोक नसतो, कारण जबडा फार आखडला की दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, आणि सशाचे दात जन्मभर वाढतच असल्याने ते झिजले नाहीत तर त्याला खाणे अशक्य होते. तेव्हा नातीने बोट दाखवलेले सर्वांत चिमुकले पिल्लू बाजूला ठेवून, ओठ हलकेच वर करून दात पाहून, मी त्याच्या किंचित थोराड भावाची निवड केली. ती रस्ताभर बोलली नाही. घर आल्यावर मात्र तिने त्याचे नाव मोदक ठेवले.

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी ससा पाळणे हा गुन्हा असल्याची वर्दी आणली. मराठीने दोन प्राण्यांना एकच नाव दिल्याचा हा घोटाळा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण दिलेला आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. त्याची पिल्ले अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. बिळात, उघडी आणि आंधळी जन्मणारी मोदकाची जात निराळी.

गाजर हे सशाचे अन्न, हा चित्रांच्या पुस्तकांनी पसरवलेला समज. गाजर त्याला पेढ्यासारखे, चवीपुरते. त्याचे खरे अन्न गवत: वाळलेले मारवेल, थोडी कोथिंबीर, मुळ्याचा पाला आणि ताज्या दूर्वा. मंडईबाहेर बसणारी फुलवाली मला रोज जुड्या बांधून देते आणि "आजोबा, तुमच्यासारखी भक्ती हल्ली कुठं राहिली?" असे म्हणते, इतक्या दिवसांनंतर तिला खरे सांगण्याचे धैर्य आता माझ्यात उरलेले नाही. घरात पत्नीचा दंडक असा, की पहिली एकवीस दूर्वांची जुडी देवाची, उरलेले मोदकाचे.

वहीचे कारण असे की, ससा हा भक्ष्य होणारा प्राणी असल्याने आपले दुखणे लपवण्यात पटाईत असतो, आणि त्याच्या प्रकृतीचा विश्वासार्ह दाखला केवळ लेंड्याच देतात. प्रथम मी त्या धान्याच्या चिपट्याने मोजू लागलो; त्यावर पत्नीने जे उद्गार काढले ते येथे नोंदवण्याजोगे नाहीत, आणि तेव्हापासून मी तंबाखूची रिकामी डबी वापरतो. आरंभी पहाटेच्या हिशेबात तूट येई. पाळत ठेवली तेव्हा उमगले, की मऊ, घोसासारख्या एका प्रकारच्या लेंड्या तो थेट शेपटीखालूनच तोंडात घेतो. पहिल्या फेरीत न पचलेले सत्त्व दुसऱ्या फेरीत वसूल करण्याची ही सृष्टीची तजवीज आहे. खर्ची पडलेली रक्कम पुन्हा जमेस धरण्याचा असला व्यवहार आमच्या कचेरीत कोणी केला असता, तर तो निलंबित झाला असता.

गेल्या एप्रिलात एका सायंकाळी डबी निम्मीच भरली. उष्म्याचा त्याला त्रास होतो म्हणून पंच्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि पाण्यात भिजवलेले कौल त्याच्याजवळ होतेच. डोळे स्वच्छ, अंग गुळगुळीत, पाहणाऱ्याला काहीही न्यून दिसले नसते. रात्री नऊला दोन लेंड्या, त्याही मिरीएवढ्या. गवत जसेच्या तसे. सशाला ओकारी येत नाही, आणि त्याचे आतडे थांबले की दिवसभराची सवड मिळत नाही, एवढे मला ठाऊक असल्याने, सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला फोन लावून आम्ही रात्रीच निघालो. नातीने त्याला मागच्या पायांखाली हात घालून छातीशी धरले होते. पाय अधांतरी राहिले तर झटका देऊन ससा स्वतःचाच कणा मोडून घेतो. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदनाशामक दिले आणि गवताची पातळ पेज सुईविना पिचकारीने भरवण्यास शिकवले. घरी परतल्यावर दर दोन तासांनी ती आम्ही भरवली. वहीत 11, 1 आणि 3 या वेळांपुढे शून्य आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी सात. बारीक, वेड्यावाकड्या, पण सात. मी मोठ्याने आकडा सांगितला असावा, कारण स्नान करून पूजेला बसलेली पत्नी तशीच उठून आली. मोदक कोपऱ्यात कान मागे टाकून बसला होता. तिने तबकातील जुडीचा दोरा सोडला, एक दूर्वा त्याच्या नाकाशी धरली, आणि ती टोकापासून हळूहळू आत जाऊ लागल्यावर, माझ्याकडे न पाहता, दुसरी काढली.