गोळ्या बंद करू नका

नागपूरच्या मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभागात निवासी डॉक्टर होते, तेव्हाची गोष्ट. कुष्ठरोगाच्या ओपीडीत एक गवंडी आला. गालावरचा जुना फिका चट्टा लालबुंद होऊन फुगला होता, हाताला गरम लागत होता. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं.

"मॅडम, गोळ्या सुरू केल्या अन् हात अजूनच बिघडून राह्यला. म्हणून बंद करून टाकल्या."

मी त्याच्या कोपरामागच्या खोबणीत बोट ठेवलं. तिथली नस पेन्सिलीएवढी जाड झाली होती. अशा वेळी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत दाबायचं असतं; हलकासा दाब पडताच त्याने डोळे घट्ट मिटले. बोटांमध्ये कागद धरायला दिला, तर तो अलगद निसटून आला. लाली, सूज, उष्णता, वेदना ही दाहाची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. पुढे त्यांत पाचवं जोडलं गेलं : काम बंद पडणं. या माणसात पाचही होती.

चट्ट्याची बायोप्सी पॅथॉलॉजीत गेली. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट आणि फुगलेल्या भक्षक पेशी चेतातंतूभोवती गराडा घालून बसल्या होत्या. खास रंग देऊन जंतू शोधले, तर लाल कांड्यांचे नुसते तुकडे दिसले. म्हणजे औषधाने आपलं काम केलं होतं. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या मात्रेतच बहुतेक जंतू मरतात, पण त्यांचे अवशेष शरीरात बराच काळ राहतात. इतके दिवस स्वस्थ बसलेली प्रतिकारशक्ती आता जागी होऊन त्या अवशेषांवर तुटून पडली होती. यालाच रिअॅक्शन म्हणतात. जेल आणि कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले, त्यांतला हा चौथा, टी-पेशींचा. कुष्ठरोगाचा जंतू नसेतच घर करतो, त्यामुळे ही लढाईही नसेतच होते. नसेचं वेष्टण ताणलं जात नाही. आत सूज वाढली की रक्तपुरवठा आवळला जातो आणि तंतू मरू लागतात. मेलेल्या तंतूंच्या जागी व्रण धरला, तर बोट कायमचं वाकडं राहतं. आनंदवनात, दत्तपूरला कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत पाहिलेले कितीतरी हात मला तेव्हा नव्याने कळले.

दाह शमवणारं प्रेडनिसोलोन सुरू केलं, हाताला स्प्लिंट बांधला, आणि कुष्ठरोगाच्या गोळ्या पुन्हा चालू केल्या. नस बिघडून सहा महिने व्हायच्या आत उपचार मिळाले तर ती सावरण्याची आशा असते. तो वेळेत आला होता. चट्टा लवकर निवला. बोटं सरळ व्हायला कित्येक महिने गेले. करंगळीचा बधिरपणा मात्र राहिला. भाजलेलं कळत नाही, म्हणून चुलीजवळ जपावं लागे.

मला राग येतो तो एवढ्याचाच, की गोळ्यांचं पहिलं पाकीट हातात देताना हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं : उपचार चालू असताना, कधी संपल्यानंतरही, रिअॅक्शन येऊ शकते. तिचा अर्थ औषध बाधलं असा नाही. त्याच्या बायकोलाही तपासणीला बोलावलं, तेव्हा तिच्या पाठीवर चट्टा सापडला. गोळ्यांआधी मी तिला हेच सांगितलं. चट्टा लाल झाला, कोपर दुखलं, बोटातली ताकद गेली, तर गोळ्या बंद न करता त्याच दिवशी निघून यायचं. तिने ते मला पुन्हा म्हणून दाखवलं, मग पाकीट घेतलं.